लाकडातून डिझेल काढण्याआधी ढीग तोलून पाहा

वाचकाचं पत्र : माझा फर्निचरचा कारखाना आहे, शेजारीच छोटी सॉ मिल. रोज सुमारे ५०० किलो भुसा, ढलप्या आणि तुकडे निघतात. त्यात प्लायवूड-एमडीएफचे तुकडे १०० किलो तरी असतील. सगळं आवारात एकाच ढिगात पडतं. कोणी नेलं तर नेलं, नाहीतर कुजतं. लाकूड वाळवायच्या सीझनिंग चेंबरला गरम पाणी लागतं. त्याच्या बॉयलरला दिवसाला ८० लिटर डिझेल जातं. मध्यंतरी एक गृहस्थ भेटून गेले. एक टन लाकडापासून ५०० लिटर डिझेल काढणारं यंत्र त्यांच्याकडे आहे म्हणतात. बयाणा मागतायत आणि पंधरा दिवसांत सांगा म्हणतायत. मेव्हणे म्हणतात, डिझेलचं सोड, गॅसिफायर (लाकडाचा जळाऊ वायू करणारं यंत्र) बसवून वीज कर. धाकटा भाऊ पेलेटच्या, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्यांच्या, मागे लागलाय. आणि कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, लाकूड जाळून त्याला हरित ऊर्जा म्हणणं ही शुद्ध धूळफेक. मागे चार एकर जागा रिकामी आहे, तिथं भराभर वाढणारी झाडं लावावीत असंही मनात येतं. काय करू? – एक कारखानदार

उत्तर : बयाणा देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. पंधरा दिवसांची घाई त्या गृहस्थांना आहे, तुम्हाला नाही.

त्यांचा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरे. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. ५०० लिटर म्हणजे १८,००० मेगाज्यूल. लाकूड अगदी ठणठणीत कोरडं असेल तर किलोमागे १८ ते १९ मेगाज्यूल उष्णता देतं. जात कुठलीही असो, किलोच्या हिशेबात फार फरक पडत नाही. म्हणजे एक टन पूर्ण कोरड्या लाकडात जेवढी ऊर्जा आहे, ती जवळजवळ सगळीच्या सगळी डिझेलमध्ये उतरली तरच ५०० लिटर निघतील. असं कुठल्याच यंत्रात होत नाही. त्यातून तुमचा माल कोरडा नाहीच. सरासरी २५ टक्के पाणी धरलं तर टनामागे हाती येतात सुमारे १३,६०० मेगाज्यूल. आत १३,६०० घालायचे आणि बाहेर १८,००० काढायचे! हे जमणाऱ्या माणसाला तुमच्या बयाण्याची गरज पडली नसती.

यावर ते ‘आमचा खास कॅटॅलिस्ट आहे’ असं म्हणतील. कॅटॅलिस्ट हा मध्यस्थासारखा असतो: जमवाजमव लवकर करून देतो, भांडवल पदरचं घालत नाही.

लाकडापासून द्रव इंधन मुळीच होत नाही, असं मात्र समजू नका. होतं. एक वाट अशी: लाकडाचा वायू करायचा, तो कसून शुद्ध करायचा आणि मग दाबाखाली, धातूच्या कॅटॅलिस्टवरून नेऊन त्याचे डिझेलसारखे रेणू बांधायचे. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५च्या सुमारास जर्मनीत ही रीत कोळशाच्या वायूसाठी शोधली. रसायन पक्कं आहे. अडचण आहे ती लाकडाच्या वायूत येणाऱ्या डांबराची, आणि कारखाना प्रचंड मोठा असल्याशिवाय गणित न जुळण्याची. जर्मनीतच फ्रायबर्गला कोरेन कंपनीनं लाकडाच्या डिझेलचा कारखाना उभारला. २०११ मध्ये तिनं दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या किऑर कंपनीनं दुसरी वाट धरली होती, तीही २०१४ मध्ये बुडाली. स्वीडनमधल्या योतेबोर्यचा गोबीगॅस प्रकल्प लाकडापासून मिथेन करत होता आणि तांत्रिकदृष्ट्या चाललाही, पण स्वस्त नैसर्गिक वायूपुढे टिकला नाही. २०१८ मध्ये बंद केला. यांच्याकडे पैसा होता, पीएचडी झालेली माणसं होती. तुमच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून काय वेगळं घडणार आहे, हे त्या गृहस्थांनी सांगावं.

चाललेली उदाहरणंही आहेत, आणि ती का चालली ते बघण्यासारखं आहे. फिनलंडमध्ये लापेनरांता इथं यूपीएम कंपनी २०१५ पासून डिझेल करते, पण थेट लाकडापासून नव्हे. कागदाचा लगदा करताना जे टॉल ऑइल सुटं होतं, त्यापासून. म्हणजे अर्धं काम लगदा कारखान्यानं आधीच करून ठेवलेलं असतं. योएन्सू गावी २०१३ मध्ये लाकडाचं तेल काढणारा कारखाना सुरू झाला. तो बांधला वीज आणि उष्णता देणाऱ्या केंद्राला चिकटून, आणि तेल मुख्यतः जड इंधनतेलाऐवजी बॉयलरमध्ये जाळायला. गाडीत घालायला नव्हे.

हे दुसऱ्या प्रकारचं तेल तुमच्यासमोर बाटलीत येण्याची शक्यता आहे, म्हणून ते ओळखायला शिका. लाकडाचा बारीक चुरा हवा न लागू देता सुमारे ५०० अंशांवर क्षणभर तापवला आणि निघालेली वाफ झटकन थंड केली, की कोरड्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के काळपट तपकिरी द्रव मिळतो. आकडा ऐकून माणूस भुलतो. पण त्या द्रवात १५ ते ३० टक्के पाणी असतं आणि किलोमागची ऊर्जा डिझेलच्या निम्म्याहूनही कमी. नाकाजवळ नेलं तर धुराचा आणि व्हिनेगरचा मिश्र आंबूस वास डोक्यात जातो. त्यात ॲसेटिक आम्ल असतंच. पीएच २ ते ३, म्हणजे साधं लोखंड खाणारं. डिझेलमध्ये ओतून हलवलं तर मिसळत नाही, थोड्या वेळानं दोन थर दिसतात. काही महिने ठेवलं तर घट्ट होत जातं. बाटली दाखवायला आणली तर त्यांच्यासमोरच हा डिझेलचा प्रयोग करा, आणि बाटलीत लिटमसचा कागद बुडवा. बोलाचालीची गरज उरणार नाही.

आता तुमच्या ढिगाकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथं आहे. तुम्ही ५०० किलो म्हणता, पण कशाचे? ताजा ओंडका कापताना पडलेल्या भुशात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. रंध्याखालून निघालेले छिलके मात्र सीझनिंग झालेल्या लाकडाचे, त्यात पाणी १० टक्क्यांच्या आसपास. हे दोन्ही तुम्ही एकत्र टाकता आणि वर पाऊस पडू देता. म्हणजे वाळवण्यासाठी डिझेल जाळायचं आणि वाळलेला माल परत भिजवायचा. निम्मं पाणी असलेल्या किलोभर लाकडातून जेमतेम ८ मेगाज्यूल मिळतात, वाळलेल्या छिलक्यांतून १६-१७. वजन तेच, उष्णता दुप्पट.

ओलावा मोजायला पिना टोचायचं मीटर तुमच्याकडे असेलच. भुशासाठी ते बाजूला ठेवा. ३० टक्क्यांच्या वर त्याच्या आकड्यावर भरवसा नाही. त्यापेक्षा ढिगाच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ माल घ्या, एकत्र कालवा, त्यातला २०० ग्रॅम तोलून पत्र्याच्या ट्रेमध्ये पातळ पसरा आणि १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. रात्रभरानं तोला, पुन्हा तासभर ठेवून तोला. वजन उतरायचं थांबलं की झालं. (मायक्रोवेव्ह वापरू नका, भुसा आतून धुमसतो.) समजा १३० ग्रॅम उरले. मग ७० ग्रॅम पाणी होतं, म्हणजे ३५ टक्के.

इथं तुमच्यासारख्या जाणत्या माणसाचाही पाय घसरतो. लाकडाच्या धंद्यात ओलावा कोरड्या वजनावर मोजतात, तुमचं मीटरही तसंच दाखवतं. त्या हिशेबानं हाच नमुना ५४ टक्के ओला. इंधनाच्या धंद्यात तो ओल्या वजनावर मोजतात आणि त्याला ३५ म्हणतात. बॉयलरवाल्यानं ‘३० टक्क्यांपर्यंत चालेल’ असं सांगितलं तर कुठल्या मापानं, हे लेखी घ्या. यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि त्यात खोटं कोणीच बोलत नव्हतं.

मग करायचं काय? तुमच्या पत्रातच उत्तर आहे आणि ते तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात: दिवसाला ८० लिटर डिझेल पाणी तापवायला जातं. तुम्हाला डिझेल नकोच आहे, गरम पाणी हवंय. लाकडाची वीज केली तर बरीचशी ऊर्जा वाटेत जाते, द्रव इंधन केलं तर तीच गत आणि शिवाय यंत्राचा व्याप. उष्णता म्हणूनच वापरलं तर बऱ्या बॉयलरमध्ये ७५-८० टक्के पदरात पडते.

आकडे मांडून बघा. ८० लिटर डिझेल म्हणजे ८०० युनिट ऊर्जा (एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल). बॉयलरचं नुकसान वजा जाता चेंबरला मिळतात ६८० युनिट. लाकडाचा बॉयलर ७५ टक्के कार्यक्षम धरला तर तेवढ्या उष्णतेसाठी २५ टक्के ओलाव्याचा माल दिवसाला सुमारे २४० किलो लागेल. प्लाय-एमडीएफ काढून टाकल्यावर तुमच्याकडे ४०० किलो उरतात. म्हणजे आजच्या कचऱ्यात चेंबर चालून वर दीडशेएक किलो शिल्लक राहतं. यात नवीन शोध काही नाही, पण हे चालतं.

बॉयलर घेताना मोठा घेण्याचा मोह आवरा. ६८० युनिट चोवीस तासांत वाटले तर सरासरी भार २८ किलोवॅट येतो. चेंबरमध्ये ओलं लाकूड भरून सुरुवात करताना मागणी वाढते हे धरलं तरी ५०-६० किलोवॅटचा बॉयलर आणि सोबत गरम पाण्याची मोठी, आवरण घातलेली टाकी पुरेल. दोनशे किलोवॅटचा घेतलात तर तो दिवसभर मंद धुमसत राहील, धूर ओकेल आणि चिमणीत डांबर धरेल. लाकडाच्या आगीला चालू-बंद, चालू-बंद सोसत नाही. एकदा पेटली की जोमानं जळू द्यायची आणि जादा उष्णता टाकीत साठवायची. बॉयलरकडे परत येणारं पाणी ६० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर आतल्या पत्र्यावर आम्लयुक्त पाणी धरून तो गंजतो. आणखी एक: कोरड्या लाकडाच्या वजनाचा ८० टक्के भाग तापल्यावर वायू होऊन वर जातो आणि वरच जळतो. त्यामुळे जाळीखालच्या हवेइतकीच वरून सोडायची दुसरी हवा महत्त्वाची. विक्रेत्याला ‘दुसरी हवा कुठून येते, तिचं नियंत्रण कसं?’ एवढं विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर पुढच्या दुकानात जा. भुसा आत ढकलणाऱ्या स्क्रूमधून आग उलटी साठ्याकडे येऊ नये यासाठी झडप आणि पाण्याचा फवारा दोन्ही हवेत. बारीक राख पकडायला निदान सायक्लोन (धूर गरगर फिरवून राख वेगळी पाडणारं नळकांडं) हवा; शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचाही विचार करायला हवा.

प्लायवूड, एमडीएफ, लॅमिनेट आणि रंगवलेले तुकडे या बॉयलरमध्ये घालायचे नाहीत. त्यांत गोंदाची रसायनं असतात, कडेला चिकटवलेल्या पीव्हीसी पट्टीत क्लोरीन असतं, आणि त्यातून निघणारे वायू माणसालाही वाईट, बॉयलरच्या नळ्यांनाही. वाळवी लागू नये म्हणून तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं द्रावण मुरवलेलं जुनं हिरवट लाकूड आलं तर ते चुकूनही नको. आर्सेनिक धुरात आणि राखेत दोन्हीकडे उतरतं. यंत्राशेजारीच दोन वेगळे डबे ठेवा. एकदा ढीग झाल्यावर निवडत बसणं कोणाच्यानं होत नाही.

मेव्हण्यांचा सल्ला हवेतला नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकडाच्या वायूवर धावल्या. तीन किलो लाकूड म्हणजे एक लिटर पेट्रोल असा ढोबळ हिशेब होता. युद्ध संपलं, पेट्रोल आलं आणि गाड्यांवरच्या गॅसिफायरच्या टाक्या लोकांनी आनंदानं उतरवून ठेवल्या. कारण रोज गाळण्या साफ करा, राख काढा, पेटायची वाट बघा. आजही छोट्या गॅसिफायरची दुखणी तीच आहेत. त्याला काडेपेटीएवढे ते मुठीएवढे सारखे तुकडे लागतात, ओलावा २० टक्क्यांच्या आत. तुमचा भुसा त्यात घातला की हवेची वाट बंद होते, छिलके मधेच कमान धरून अडकतात. भार कमी झाला की आतलं तापमान उतरतं, डांबर न फुटता वायूसोबत इंजिनात जातं आणि व्हॉल्व्ह चिकटतात. सगळं नीट चाललं तर युनिटमागे सव्वा ते दीड किलो कोरडं लाकूड जातं. शिवाय त्या वायूचा पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला ना रंग, ना वास. बंद खोलीत गळती झाली तर माणूस झोपल्यासारखा मरतो. तुमच्याकडे ग्रिडची वीज नसती, सारखे ठोकळे भरपूर असते आणि फक्त या यंत्रामागे राहणारा एक हुशार माणूस असता, तर मी वेगळं सांगितलं असतं.

भावाचं पेलेट. पेलेटला भुसा दळून, १० टक्क्यांच्या आसपास वाळवून, पोलादी साच्याच्या भोकांतून रेटावा लागतो. दाबानं तापून लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच डिंकाचं काम करतं. ६ किंवा ८ मिलिमीटरच्या त्या कांड्या दिसतात छान, घनमीटरला ६०० किलोच्या वर भरतात म्हणून वाहतुकीला परवडतात. पण वाळू किंवा सालीतली माती साच्यात गेली की साचा झिजतो, आणि दिवसाच्या दीडशे किलोंसाठी दळणयंत्र, ड्रायर, प्रेस, चाळणी एवढी माळ लावणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. उरलेले कोरडे छिलके विकायचेच असतील तर हायड्रॉलिक ब्रिकेट प्रेस बघा. छिलके दळावे लागत नाहीत, ओलावा १५ टक्क्यांच्या आत असला की झालं. तेही बॉयलर एक हंगाम चालवून, खरोखर किती उरतं ते पाहिल्यावर.

मुलीला माझ्याकडून सांगा की तिचा प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर ‘लाकूड कुठलं’ यावर आहे. चिमणीच्या तोंडाशी मोजलं तर तेवढ्याच उष्णतेसाठी लाकूड कोळशापेक्षाही थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाड पुन्हा वाढून तो परत घेतं, हे खरं. पण इंधनासाठी उभं झाड तोडलं तर ती परतफेड व्हायला कित्येक दशकं जातात. ब्रिटनमधल्या ड्रॅक्स वीजकेंद्रानं कोळसा सोडून समुद्रापलीकडून आणलेली पेलेट जाळायला घेतली, त्यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहे तो याचसाठी. तुमच्या भुशाचं तसं नाही. झाड फर्निचरसाठी कापलं गेलंच आहे. भुसा पडून कुजला तरी थोड्या वर्षांत त्याचा कार्बन हवेतच जाणार. तो जाळून तुम्ही रोजचं ८० लिटर डिझेल वाचवत असाल तर तो नफाच. मात्र उद्या बॉयलरला माल कमी पडतो म्हणून तुम्ही ओंडके फाडायला लागलात, तर तिचं म्हणणं बरोबर ठरेल.

राहिली चार एकर जागा. विलो किंवा पॉप्लरसारखी झाडं दाट लावून दर तीन-चार वर्षांनी बुंध्याशी छाटतात, ती पुन्हा फुटतात. चांगल्या जमिनीत, पाणी असेल तर, हेक्टरी वर्षाला ८ ते १२ टन कोरडं लाकूड मिळतं. तुमच्या चार एकरांत फार तर १२ ते २० टन, आणि छाटणी, तुकडे, वाहतूक वेगळी. वर्षाला दीडशे टन कचरा फुकट पडत असताना ही उठाठेव कशाला? त्या जागेतला एक कोपरा छपराला द्या. चारी बाजू मोकळ्या, खाली काँक्रीट, कारखान्यापासून अंतर राखून. ओल्या भुशाला एक कप्पा, कोरड्या छिलक्यांना दुसरा. ओला ढीग तीन मीटरपेक्षा उंच करू नका आणि महिनोन्‌महिने ठेवू नका: आत जंतू वाढतात, थोड्या दिवसांत पोट ६० अंशांवर जातं, मोठा ढीग आपोआप पेटूही शकतो, आणि बुरशीची पूड उडाली की फावडं मारणाऱ्याला दम्यासारखा त्रास होतो. जुना माल आधी उचलला जाईल असा रस्ता ठेवा, आणि फावडं मारणाऱ्याला मास्क द्या.